एकाहत्तर हजारांची जत्रा, सहा जणांचं टेबल

जर्मनीतल्या एसेन शहरात दर ऑक्टोबरात चार दिवस ‘श्पील’ नावाचा खेळांचा मेळा भरतो. मैदानातले नव्हेत, मोबाइलवरचेही नव्हेत. टेबलावर पट मांडून, पत्ते वाटून, फासे टाकून समोरासमोर बसून खेळायचे खेळ. २०१९ साली तिथं दीड हजारांच्या आसपास नवे खेळ मांडले होते. मेळा रोज साधारण नऊ तास उघडा असतो, म्हणजे चार दिवसांचे छत्तीस तास, २,१६० मिनिटं. पाणी प्यायलाही न थांबता प्रत्येक नव्या खेळाला सारखा वेळ द्यायचा ठरवलं, तर एकेकाच्या वाट्याला येतात ८६ सेकंद. तेवढ्यात डब्याचं झाकण निघतं, आतल्या सोंगट्या लाकडी आहेत की प्लास्टिकच्या ते कळतं आणि पुढच्या स्टॉलकडे पळावं लागतं. ‘यंदा एसेनला काय नवीन आलं?’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देऊ शकेल असा माणूस त्यामुळे जगात असू शकत नाही. जे सांगतात, ते आपापल्या वाटेत काय आलं ते सांगतात.

बरं, ८६ सेकंदांऐवजी प्रत्येक खेळ नीट तासभर खेळायचा ठरवला तर दीड हजार तास हवेत. आता गंमत अशी की, १९७९ साली अमेरिकेतल्या एसपीआय कंपनीनं बाजारात आणलेला, रिचर्ड बर्ग यांनी रचलेला ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा एकटा खेळ पुरा करायलाच दीड हजार तास लागतात, असं खेळणारे सांगतात. दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेची मोहीम. नकाशा जमिनीवर अंथरावा लागेल इतका लांब, सोळाशेच्या वर पुठ्ठ्याचे चौकोन, दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. प्रत्येक विमान, प्रत्येक वैमानिक, इंधनाचा प्रत्येक साठा कागदावर लिहून ठेवायचा. पिंपांमधून उडून जाणाऱ्या इंधनाचाही हिशोब ठेवायचा. एक नियम तर दंतकथा झाला आहे: इटालियन तुकड्यांना पास्ता उकळण्यासाठी पाण्याचा जादा शिधा द्यावा लागतो. दहा जणांचा गट महिन्यातून दोनदा तीन-तीन तास जमला, तर ही मोहीम संपायला वीस वर्षं दहा महिने लागतील. मूळ युद्ध तीन वर्षांत आटोपलं होतं.

पण खेळाच्या आत शिरण्याआधी दारातली गर्दी मोजू. आयोजक मिरवतात ते आकडे तिथलेच असतात आणि फसवाफसवीही तिथंच जास्त. एसेनच्या त्या २०१९च्या मेळ्याचा जाहीर आकडा २ लाख ९ हजार. स्टॉल लावणारे बाराशे, त्रेपन्न देशांतून आलेले. इटलीतल्या लुक्का गावात ‘लुक्का कॉमिक्स अँड गेम्स’ भरतो. तिथं २०२२ साली ३,१९,९२६ तिकिटं खपली. गावाची वस्ती नव्वद हजारांच्या आत, आणि मेळा भरतो तो जुन्या तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांमधून. आता तीन लाख वीस हजार तिकिटं म्हणजे तीन लाख वीस हजार माणसं का? पाच दिवसांचा मेळा आहे. पाचही दिवस येणारा एक माणूस पाच ठिकाणी मोजला गेलेला असू शकतो.

अमेरिकेतल्या ‘जेन कॉन’ या अशाच मेळ्यानं २०१५ साली दोन्ही आकडे एकत्र दिले होते, त्यावरून हा फरक नेमका कळतो. वेगवेगळी माणसं ६१,४२३. दारातून झालेले प्रवेश १,९७,६९५. एकच गर्दी, पण एक आकडा दुसऱ्याच्या तिप्पट. तेव्हा कुणी ‘दोन लाखांची गर्दी’ म्हणालं की आधी विचारावं, डोकी मोजली की पावलं?

या जेन कॉनची सुरुवात १९६८ सालची. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं लहान गाव आहे. तिथला हॉर्टिकल्चरल हॉल गॅरी गायगॅक्स यांनी पन्नास डॉलर भाड्यानं घेतला आणि युद्धाचे खेळ खेळणारे शंभरेक लोक गोळा केले. आदल्या वर्षी यांतली काही मंडळी त्यांच्या घराच्या तळघरात बसली होती. पुढे १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका. आज त्याच्या मालक कंपनीच्या म्हणण्यानुसार पाच कोटींहून जास्त लोकांचा या खेळाशी कधी ना कधी संबंध आलेला आहे. कंपनीनं स्वतःच्या मालाविषयी सांगितलेला आकडा आहे, तेव्हा त्यातून हवं तेवढं वजा करा. निम्मे केले तरी हजार प्रतींपासून अडीच कोटी माणसं होतात.

जेन कॉन २००३ पासून इंडियानापोलिसला भरतो. २०२४ मध्ये चार दिवसांत ७१ हजारांहून जास्त वेगवेगळी माणसं आली, पहिल्या वर्षाच्या सातशे पट. प्रवेशाचे पास मेळ्याच्या आधीच संपले होते. अधिवेशन केंद्र पुरत नाही म्हणून शेजारचं ल्युकस ऑइल स्टेडियमही घ्यावं लागतं. एरवी जिथं फुटबॉल चालतो त्या मैदानावर ओळीनं टेबलं लागतात. हॉटेलात खोली मिळवायची तर संगणक ज्याला जी वेळ काढून देईल त्या वेळेलाच बुकिंगला बसायचं, म्हणजे पहिला फासा घरीच पडतो. वेळापत्रकात वीस हजारांहून जास्त डाव, स्पर्धा आणि शिकवण्या असतात. एकेकाला चार तास धरले तर ८० हजार तास होतात. न झोपता, न जेवता खेळत राहिलं तर नऊ वर्षं दीड महिना. मिळतात किती? चार दिवसांचे ९६ तास. वेळापत्रकाचा हजारावा भाग पाहिला तरी तो माणूस फार धडपड्या म्हणायचा.

इतकं सगळं मोजून झाल्यावर एका टेबलाशी जाऊन बसलं की संख्या एकदम खाली येते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलाशी पाच-सहा खेळाडू आणि गोष्ट चालवणारा एक डंजन मास्टर. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे त्याच्या टिपा. कुणी म्हणतो, ‘मी दार लाथ मारून उघडतो.’ डंजन मास्टर म्हणतो, ‘टाक फासा.’ वीस पृष्ठांचा फासा टेबलावर गडगडतो आणि सगळे पुढे वाकतात. १९६८ साली टेबलाशी जेवढी माणसं बसत होती, जवळपास तेवढीच आजही बसतात. मेळा सातशे पट झाला, टेबल वाढलं नाही. वाढूही शकत नाही, कारण प्रत्येकाची पाळी यायला हवी आणि प्रत्येकाचं बोलणं सर्वांना ऐकू जायला हवं. वाढवून पाहण्याचे प्रयत्न झाले. २०२३ साली युटा राज्यातल्या प्रोव्होमध्ये १,२२७ जणांनी एकाच मोहिमेत भाग घेऊन विक्रम केला. बेटावर वसाहती उभारत मालाची अदलाबदल करायच्या, क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’ या खेळाचा २०१५ साली एसेनलाच १,०४० जणांचा एक डाव झाला. लांबच लांब टेबलांवर एकच सलग बेट, आणि पडलेला फासा सर्वांना लागू. दोन वर्षांनी रॉटरडॅममध्ये तो विक्रम १,०९६ जणांनी मोडला. विक्रम म्हणून ठीक आहे. पण हजार जणांच्या बेटावरसुद्धा मेंढी देऊन वीट मागायची ती हाताच्या अंतरावर बसलेल्या चार-पाच जणांकडेच.

गर्दीचा खरा चमत्कार बघायचा तर तो फाशांत बघावा. समजा जेन कॉनच्या ७१ हजार जणांनी एकाच वेळी वीस पृष्ठांचा फासा टाकला. सरासरीनं ३,५५० जणांना वीस पडेल. त्यांनी पुन्हा टाकला तर १७७ जणांना लागोपाठ दुसऱ्यांदा वीस. तिसऱ्यांदा टाकला तरी नऊ जण उरतात. हे नऊ जण पुढची वर्षानुवर्षं सांगत राहणार की त्या दिवशी फाशात काहीतरी होतं, तो फासा ते वेगळ्या डबीत जपून ठेवणार आणि कुणाला हात लावू देणार नाहीत. एकट्या माणसाच्या हातून ही गोष्ट घडण्याची शक्यता आठ हजारांत एक. स्टेडियमभर माणसं असली की ती घडली नाही तरच नवल. फासा डबीत जपणाऱ्याला मात्र हे सांगायला जाऊ नये. पटत नाही, आणि डावातली जागाही जाते.

वजन आणि पैसा यांचेही आकडे आहेत, तेही थोडक्यात बघू. ‘ग्लूमहेवन’ या खेळाचा डबा दहा किलोच्या घरात जातो. त्याच्या पुढच्या भागासाठी, ‘फ्रॉस्टहेवन’साठी, २०२० साली किकस्टार्टर या संकेतस्थळावर ८३,१९३ लोकांनी मिळून १,२९,६९,६०८ डॉलर आगाऊ दिले. तेव्हाच्या दरानं साधारण ९७ कोटी रुपये, आणि तेही अजून छापायच्या खेळासाठी. हा डबा आधीच्याहून जड निघाला. पंधरा किलो धरून प्रत्येकाला एकेक दिला असं मानलं, तर साडेबाराशे टन माल होतो. दहा टनी ट्रक लावले तर सव्वाशे. मेळ्यातून परतणाऱ्यांच्या हातात चाकांच्या बॅगा का असतात, ते यावरून समजावं.

पण हे सगळे आकडे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे वाटावेत असं काहीतरी खिशात मावणाऱ्या पत्त्यांत आहे. नव्वदीच्या सुरुवातीला रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा विद्यार्थी आपला ‘रोबोरॅली’ हा खेळ घेऊन पीटर ॲडकिसन यांच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीकडे गेला. ॲडकिसन म्हणाले, हा छापायला महाग पडेल. मेळ्यात दोन डावांच्या मधल्या वेळात खेळता येईल असं स्वस्त, सुटसुटीत काही आहे का? त्यातून १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला. मधला वेळ घालवायला काढलेल्या या खेळानं पुढे मुख्य वेळच खाल्ला. विझर्ड्सनं १९९७ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची कंपनी विकत घेतली आणि २००२ मध्ये ॲडकिसन यांनी स्वतः जेन कॉनच घेतला.

मॅजिकची पहिली छपाई २६ लाख पत्त्यांची. त्यात ‘ब्लॅक लोटस’ नावाचे पत्ते होते अकराशेच्या आसपास, म्हणजे दर २,३६० पत्त्यांमागे एक. त्यांतला एक निर्दोष राखलेला पत्ता २०२४ साली तीस लाख डॉलरना गेला, सुमारे पंचवीस कोटी रुपयांना. पत्त्याचं वजन भरतं दोन ग्रॅमच्या आत. ग्रॅमला चौदा कोटी रुपये पडले; त्या वर्षीच्या सोन्याच्या भावाची वीस हजार पट. हे कळल्यावर २०२३ साली जेन कॉन सुरू होण्याआधी मांडामांड चालू असताना तीन लाख डॉलरच्या पत्त्यांची अख्खी रास दोघांनी ढकलगाडीवरून नेली, याचं आश्चर्य वाटत नाही.

आणि शेवटचा आकडा. याच गारफील्ड यांचा ‘कीफोर्ज’ हा खेळ २०१८ च्या जेन कॉनमध्ये जाहीर झाला. यात पत्ते सुटे विकत मिळत नाहीत. छत्तीस पत्त्यांचा जुळवलेला संच घ्यायचा, त्यात फेरफार करायचा नाही. प्रत्येक संच संगणक जुळवतो, त्याला नावही तोच ठेवतो, आणि ते नाव पत्त्यांच्या पाठीवर छापतात. कुठलेही दोन संच सारखे नाहीत. प्रकाशकांनी पहिल्या मालिकेत शक्य असलेल्या संचांची संख्या दिली होती ती १०४ वर चोवीस शून्यं. आपल्या जुन्या मोजणीत अब्ज, खर्व, निखर्व करत शेवटी परार्ध येतो, एकावर सतरा शून्यं. त्यापुढे गरजच पडणार नाही असं पूर्वजांना वाटलं असावं. इथं १०४ कोटी परार्ध आहेत. पृथ्वीवरच्या ८२० कोटी माणसांनी दर सेकंदाला एकेक संच फोडायला घेतला, तर काम संपायला चाळीस कोटी वर्षं लागतील. डायनासोर जमिनीवर येऊन अजून पंचवीस कोटी वर्षंही झालेली नाहीत.

तरीही कीफोर्जचे संच संपले. २०२१ च्या सप्टेंबरात प्रकाशक फँटसी फ्लाइट गेम्स यांनी जाहीर केलं की, संच जुळवणारी संगणकप्रणाली बिघडली आहे, ती मुळापासून नव्यानं लिहावी लागेल, तोवर नवी मालिका निघणार नाही. १०४ कोटी परार्ध शक्यता कागदावर तशाच होत्या, फक्त छापायला एकही मिळेना. पुढच्या वर्षी घोस्ट गॅलक्सी या कंपनीनं खेळ विकत घेतला, लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले, आणि छपाई पुन्हा सुरू झाली.