रुतलेला खिळा उपटू नका

टायरमध्ये खिळा दिसला की हात आपोआप पक्कडीकडे जातो. तो तिथेच आवरा. ट्यूबलेस टायरच्या आतून ब्युटाइल जातीच्या रबराचे अस्तर असते. त्यातून हवा अगदी कमी झिरपते. खिळा घुसला की त्याच्याभोवतीचे रबर त्याला घट्ट आवळून धरते, म्हणजे भोक पाडणारा खिळाच तात्पुरते बूच होतो. हवा जाते, पण हळूहळू. कधी तर दोन-तीन दिवस लागतात. खिळा उपटलात, तर तीच हवा काही मिनिटांत निघून जाईल.

आधी दाब मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांना ३० ते ३५ पीएसआय लागतो. थोडाच कमी असेल, तर हवा भरून सावकाश जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा. टायर पार बसला असेल, तर मात्र गाडी हलवू नका, स्टेपनी लावा. रिकाम्या टायरची बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिरडते, आतले धागे तुटतात आणि सहज दुरुस्त झाला असता असा टायर भंगारात जातो.

पंक्चरवाला खरबरीत टोच्याने भोक खरवडतो, चिकट रबरी दोरी ठासतो आणि साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघतो. पाच-दहा मिनिटांचे काम. तरीही लांबच्या प्रवासाआधी टायर उतरवून आतून मशरूम पॅच बसवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात भोक भरते, अस्तर सांधले जाते आणि आतली इजाही दिसते.

भोक ६ मिलिमीटरहून मोठे किंवा बाजूच्या भिंतीत असेल, तर कुणी कितीही आग्रह केला तरी दुरुस्ती नको. टायर बदला.