एक गाव, एक होळी

फाल्गुन लागला की आमच्या केळापूर तालुक्यात पळस पेटल्यासारखा फुलतो आणि घरोघरी पोरंसोरं शेणाच्या चाकोल्या थापायला बसतात. मधोमध भोक पाडलेल्या या चकत्या वाळल्या, की सुतळीत ओवायच्या आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी ती माळ होळीला घालायची. प्रत्येक घरची माळ इवलीशी. पण ती पडल्याशिवाय त्या घरची होळी झाली असे कोणी म्हणत नाही. सामुदायिक सणाचे सारे मर्म मला या माळेत दिसते.

अलीकडे मात्र वस्तीवस्तीची होळी वेगळी होऊ लागली आहे. कोणाची उंच, याची चुरस लागली की कुऱ्हाड बांधावरच्या बाभळीवर, नाहीतर जंगलातल्या सागावर पडते. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, वाघाचे घर. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम आणि होळी नेमकी त्यातच येते.

मग होळी रचावी कशी? माझ्या मते गावाची एकच रचावी. मधे परंपरेची एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या, वाळकी काटकी आणि प्रत्येक शेतातून पऱ्हाटीचा एकेक भारा. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ साली तिने आपल्या जिल्ह्यात केलेला कहर शेतकरी विसरलेला नाही. अशी बोंडे वेचून आगीत टाकावीत. उरलेल्या पऱ्हाटीचा मात्र भुगा करून खत करावे.

जागा मोकळी हवी. वर विजेच्या तारा नकोत. कडब्याची गंजी, कापूस आणि गोठा दूर असावा. पाण्याची पिंपे आधीच भरून ठेवावीत. वारा सुटला असेल तर तो पडेपर्यंत थांबावे.

आता रंगत! पळसफुलांचा रंग आदल्या रात्रीच भिजत घालावा. कोलाम आणि गोंड बांधवांना ढोल घेऊन सन्मानाने बोलवावे. ढेमशाचा फेर सुरू झाला की शहाणीसुरती माणसेही बसून राहत नाहीत. पुरणपोळीचा घास तेवढा अग्नीला द्यावा, बाकीच्या पोळ्या ज्याच्या घरी पुरण शिजले नाही त्याच्या ताटात पडाव्यात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत. लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या घालाव्यात. आणि पहिली काडी लावण्याचा मान दर वर्षी वेगळ्या वस्तीला द्यावा. भांडणे बहुधा मानावरूनच होतात, नाही का?

रात्री निखाऱ्यांवर पहारा हवा. सकाळी त्यांवरच आंघोळीचे पाणी तापवावे आणि मग राख पुरती विझवूनच घरी जावे.

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपण म्हणतो. थंडीबरोबर वस्तीवस्तीतली अढीही पळाली, तर जाळ थोडा बुटका राहिल्याचे कोणाला वाईट वाटेल?