टॅबचं पुश सर्टिफिकेट संपलंय? नवीन काढू नका, जुनंच रिन्यू करा



ज्या शाळांना देणगीतून आयपॅड मिळालेत, त्यांच्या उपयोगाचा हा लेख आहे. आमच्याकडे एका कंपनीने दिलेले बारा टॅब आहेत. गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथीतल्या एका मुलाने गमतीत टॅबला पासकोड टाकला, आणि विसरला. एरवी हे दोन मिनिटांचं काम. सगळे टॅब ज्या सर्व्हरवरून सांभाळले जातात, त्याला एमडीएम म्हणतात. त्याच्या पॅनेलवर जाऊन पासकोड काढण्याचा हुकूम दिला की टॅब उघडतो. या वेळी मात्र हुकूम ‘पेंडिंग’ म्हणून अडकूनच राहिला. दोन दिवस मी वायफायला दोष दिला. तिसऱ्या दिवशी पॅनेलच्या वरच्या बाजूला बारीक लाल अक्षरं दिसली: पुश सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. मुदत संपली होती मे महिन्यात, म्हणजे ऐन सुट्टीत.

हे सर्टिफिकेट नक्की करतं काय? शाळेतलंच उदाहरण घेऊ. तुम्ही वर्गात शिकवत असता, शिपाईमामा दारात येऊन म्हणतात, “बाई, ऑफिसात बोलावलंय.” काम काय आहे ते मामांना माहीत नसतं. तुम्ही ऑफिसात जाता, तिथे काम कळतं. पुश अगदी असंच चालतं. आपला सर्व्हर टॅबला थेट गाठू शकत नाही. तो अ‍ॅपलच्या पुश सेवेला सांगतो की या टॅबला बोलवा. अ‍ॅपलची ही सेवा 2009 पासून चालू आहे. टॅब तिच्याशी सतत जोडलेला असतो, त्यामुळे हाक ऐकतो आणि स्वतःच आपल्या सर्व्हरकडे जाऊन विचारतो, “काय काम आहे?” खरा हुकूम त्याला तिथे मिळतो.

आता कोणीही उठून कोणाच्याही टॅबला हाक मारायला लागलं तर कसं चालेल? म्हणून अ‍ॅपल सर्व्हरकडे ओळखपत्र मागतं. ते ओळखपत्र म्हणजे पुश सर्टिफिकेट. त्याची मुदत एक वर्ष.

मुदत संपली तरी टॅब बंद पडत नाहीत. आधीची अ‍ॅप्स चालतात, धडे उघडतात, मुलं खूश असतात. म्हणूनच हे कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त नवा हुकूम पोचत नाही. नवीन अ‍ॅप टाकता येत नाही, हरवलेला टॅब लॉक करता येत नाही.

माझा खरा घोळ पुढेच झाला. मी घाईने माझ्या स्वतःच्या अ‍ॅपल आयडीने लॉगिन केलं आणि नवीन सर्टिफिकेट बनवलं. पॅनेलवर चढवायला गेले तर इशारा आला की हे आधीच्या सर्टिफिकेटशी जुळत नाही. नशीब, तिथेच थांबले! प्रत्येक सर्टिफिकेटला एक लांबलचक नाव असतं, त्याला ‘टॉपिक’ म्हणतात. टॅब पहिल्यांदा सर्व्हरला जोडला त्या दिवशी त्याने ते नाव साठवलेलं असतं. रिन्यू केलं की नाव तेच राहतं. नवीन काढलं की नाव बदलतं, आणि टॅबच्या दृष्टीने हाक मारणारा अनोळखी ठरतो. मग एकेक टॅब हातात घेऊन पुन्हा जोडत बसायचं, काही वेळा तर तो पूर्ण पुसून.

जुनं सर्टिफिकेट आमच्या आधीच्या सरांच्या आयडीवर होतं, आणि सरांची बदली झालेली. त्यांना फोन लावला. लॉगिन करताना येणारा कोडही त्यांच्याच मोबाईलवर गेला, तो त्यांनी फोनवरच सांगितला. पुढचं काम दहा मिनिटांचं.

आधी एमडीएमच्या पॅनेलवर पुश सर्टिफिकेटच्या पानावरून सीएसआर नावाची फाइल उतरवून घ्यायची. (देणगी देणाऱ्या कंपन्यांचा सीएसआर वेगळा. आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं, पुन्हा देणगी मिळतेय!) ही फाइल म्हणजे ओळखपत्रासाठीचा अर्ज समजा. मग अ‍ॅपलच्या पुश सर्टिफिकेट पोर्टलवर जुन्याच आयडीने जायचं. तिथे एकापेक्षा जास्त सर्टिफिकेटं दिसली तर घाई नको. पॅनेलवरचा टॉपिक आणि पोर्टलवरच्या तपशिलातलं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळलेल्या ओळीतलंच ‘रिन्यू’ दाबायचं, सीएसआर फाइल चढवायची, मिळालेली पेम फाइल उतरवून घ्यायची आणि ती पॅनेलवर नेऊन टाकायची. टॅबला हातही लावावा लागत नाही. आमचे अडकलेले हुकूम थोड्या वेळात आपोआप गेले आणि तो पासकोडवाला टॅब उघडला.

सर भेटले नसते तर? अशा वेळी अ‍ॅपलच्या मदत केंद्राला कळवून सर्टिफिकेट दुसऱ्या आयडीवर हलवून घेता येतं, पण त्यात कागदपत्रं आणि वेळ जातो. शाळेच्या नावाने वेगळा ईमेल काढून त्यावर अ‍ॅपल आयडी करणं आणि त्याला शाळेत कायम राहणारा मोबाईल नंबर जोडणं हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. मुदत संपत आल्याचे मेलही त्या आयडीवरच येतात. आमचे ते सरांच्या इनबॉक्समध्ये पडून होते.

पालकांसाठी एक गोष्ट. शाळेच्या अ‍ॅपवरच्या सूचना अँड्रॉइडवाल्यांना येतात आणि सगळ्या आयफोनवाल्यांच्या एकदमच बंद होतात, असं झालं तर आधी फोन बदलायला जाऊ नका. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आयफोनसाठी वर्षाच्या मुदतीचं सर्टिफिकेट वापरलं असेल, तर तेही असंच संपतं. 2016 पासून अ‍ॅपलने त्याऐवजी मुदत न संपणाऱ्या ‘की’ची सोय दिली आहे. शाळेमार्फत अ‍ॅपवाल्यांना एवढंच विचारा: सर्टिफिकेट आहे की की? एमडीएमला मात्र ही सोय नाही, तिथे दरवर्षी रिन्यू करावंच लागतं.

मुदत संपायच्या आधीही रिन्यू करता येतं. म्हणून या वर्षी आम्ही ते मार्चमध्येच उरकलं. आता तारीख सुट्टीत येत नाही. ती तारीख, आयडी आणि टॉपिक मी साहित्य नोंदवहीत टॅबच्या पानावर लिहून ठेवलंय. पासवर्ड मात्र तिथे नाही, तो मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात आहे.