डाव्या पायाचे कष्ट आणि क्लचमधील हवा

घरातील मोटार वर्षानुवर्षे चालविणाऱ्याच्या ध्यानी सहसा न येणारी गोष्ट म्हणजे क्लचचे पेडल. ते एका दिवसात बिघडत नाही. ते तिळातिळाने मऊ पडते, त्याची पकडण्याची जागा खाली सरकत जाते, आणि पाय त्याला नकळत सरावतो. मग एखाद्या दिवशी घाटाच्या चढावर, मागे मालमोटारींची रांग उभी असताना, पहिला गिअर करकर वाजतो व पडत नाही, किंवा घरातील दुसरे कोणी मोटार चालवावयास बसते आणि म्हणते, "हे पेडल असे स्पंजासारखे काय लागते?" वाचकहो, आपल्याही मोटारीची अशी अवस्था असेल, तर क्लच प्लेट बदलण्याच्या खर्चास तयार होण्यापूर्वी सुटीची एक सकाळ तिच्यासाठी काढावी.

१९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० सारख्या छोट्या मोटारीत क्लच केबलने ओढला जात असे. पुढील विवेचन तिला लागू नाही. २००५ साली भारतात आलेल्या टोयोटा इनोव्हासारख्या मोटारींत मात्र पायाचा जोर क्लचपर्यंत द्रव पोहोचवितो. पेडलाशी जोडलेला मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर आणि त्यांना जोडणारी नळी, एवढाच हा संसार. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा सिद्धान्त शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आहे. तो येथे रोज शेकडो वेळा आपल्या पायाखाली सिद्ध होत असतो.

थोडे गणित करून पाहू, कारण सारे मर्म त्यातच आहे. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्लेव्ह सिलिंडरचा २० मिलिमीटर आहे. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला की स्लेव्हचा १६ मिलिमीटर सरकेल. जोर मात्र दीडपटीहून थोडा अधिक होईल. या साऱ्या हालचालीत किती द्रव इकडून तिकडे गेला? अवघा ५ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचा एक चमचा! आता या नळीत १ घन सेंटिमीटर हवा शिरली आहे असे धरा. द्रव दबत नाही, हवा दबते. पेडल दाबताच ती हवा जवळजवळ सगळी चेपली जाते आणि स्लेव्हच्या दट्ट्याचे सुमारे ३ मिलिमीटर अंतर गिळून टाकते. सोळातले तीन गेले, की क्लच पुरता सुटत नाही, आणि गिअर ओरडू लागतात. एवढ्याशा बुडबुड्याने एवढा अनर्थ कसा होतो, याचे उत्तर त्या चमचाभर द्रवात आहे.

तेव्हा प्रथम रोगाची परीक्षा करावी. पेडल दोन-तीन वेळा भरभर दाबल्यावर ते घट्ट लागत असेल, तर आत हवा आहे असे बहुधा समजावे. पेडल दाबून धरले असता हळूहळू जमिनीकडे बुडत असेल, तर मास्टरच्या आतील रबरी वॉशर झिजले आहेत. पेडलाजवळचा गालिचा उचलून पाहावा, तो ओला असेल तर गळती तेथेच आहे. स्लेव्हच्या तोंडावरील रबरी टोपी मागे सारावी, आत ओल दिसल्यास दोष त्याचा. आणि पेडल मऊ नसून वर्षागणिक जडच होत गेले असेल, तर हवा काढण्यात श्रम घालवू नयेत. क्लच प्लेट झिजत जाते तसतशी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची ठेवण बदलते व पायावरील भार वाढतो. ते काम मिस्त्रीचे. काही मोटारींत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. त्याची हवा पुष्कळदा बाहेरून काढता येते, पण तो गळू लागला तर गिअरबॉक्स उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. हौशी माणसाने तेथे हात आवरावा.

द्रवाविषयी दोन शब्द. गॅरेजमध्ये सारे याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते तेल नव्हे. आणि त्याऐवजी इंजिनाचे तेल ओतल्यास रबरी वॉशर फुगून सर्व यंत्रणा निकामी होते. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच आणावे. डॉट ५ हा सिलिकोनचा निराळा पदार्थ आहे, तो यात मिसळू नये. नेहमीचा हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. कोकणपट्टी असो, केरळ असो की बंगाल, दमट हवेच्या प्रदेशात त्याचे पाणी होणे चालूच असते. मुळात डॉट ४ चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल भरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी द्रव बदलणे इष्ट. बाटली सीलबंद घ्यावी. पाव लिटर पुष्कळ होते.

आता प्रत्यक्ष कृती. मोटार थंड व सपाट जागी उभी असावी, हातब्रेक ओढलेला, चाकांना विटा किंवा ठोकळे लावलेले. खाली शिरावे लागणार असेल तर स्टँड लावावे. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली जाऊ नये, हे मी कितीही वेळा लिहिले तरी ते अधिक होणार नाही. स्लेव्हवरील निपल ब्रशने स्वच्छ करावा, त्यावर रिंग पाना बसवून मगच पारदर्शक नळी चढवावी, व नळीचे दुसरे टोक थोडा नवा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवावे. पेडलावर घरातील एखाद्या समंजस माणसास बसवावे. आपण "दाबा" म्हणावे, त्याने पेडल तळापर्यंत दाबून तसेच धरावे. आपण निपल पाव फेरा सैल करावा, बुडबुडे व काळसर द्रव निघून जाऊ द्यावा, निपल आवळावा, आणि मगच "सोडा" म्हणावे. हा क्रम उलटला तर बाहेरची हवा आत जाते व केलेले सारे वाया जाते. पेडल खालीच राहिले तर हाताने वर ओढावे. पाच-सहा वेळा झाले की टाकी पाहून भर घालावी, ती कदापि रिकामी होऊ देऊ नये. द्रव स्वच्छ दिसू लागला व बुडबुडे थांबले की काम झाले.

काही वेळा हट्टी हवा उरतेच. अशा वेळी बाहेरच्या बाजूस असलेल्या स्लेव्हचा दांडा हाताने सावकाश आत ढकलावा. बुडबुडे उलट्या वाटेने टाकीत वर येतात. टाकी भरून वाहणार नाही इकडे लक्ष असावे. स्लेव्ह जागेवरून काढलेला असताना मात्र पेडलाला पाय लावू नये, दट्ट्या बाहेर उडेल.

याच वेळी रबरी होज तपासावी. पेडल दाबताना ती फुगलेली दिसली तर बदलावी. पोलादी जाळीच्या होजची आज फार वाहवा होते. पण कुटुंबाच्या मोटारीस कंपनीची नवी रबरी होजही तितकेच समाधान देते, असे माझे मत आहे. तीच गोष्ट मोठ्या व्यासाच्या मास्टरची. त्याने स्लेव्हची चाल वाढते खरी, परंतु पेडल जड होते, आणि गुडघ्यांना तेच तर नको असते. पेडलाच्या खिळीला थोडे ग्रीस दिल्याने होणारा फरक त्याहून स्वस्त आणि पुष्कळदा अधिक जाणवणारा असतो. पेडल व मास्टरचा दांडा यांत किंचित मोकळी चाल राहू द्यावी. ती नाहीशी झाली तर द्रव टाकीत परत येऊ शकत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेट घसरून जळते.

बऱ्याच मोटारींत क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते. म्हणून मोटार हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल अनेकदा दाबून ते टणक आहे याची खात्री करावी. मग इंजिन सुरू करून क्लच दाबावा, तीन सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. तो न वाजता पडला पाहिजे. रंगावर द्रव सांडला असेल तर पुसत बसू नये, तो रंग खातो. लगेच भरपूर पाण्याने धुवावा. काढलेला द्रव विषारी आहे. तो पुन्हा वापरू नये, गटारात ओतू नये, बाटलीवर नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावा. फोडलेल्या बाटलीत उरलेला नवा द्रवही पुढच्या खेपेसाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. ओल त्यालाही सोडीत नाही. टाकीजवळ चिकटपट्टीवर आजची तारीख तेवढी लिहून ठेवावी.