रणजीची खालची पायरी

'प्लेट' गट म्हणजे काय?

रणजी करंडकातला दुय्यम गट. 2023-24 च्या मोसमात एकूण 38 संघ: 'एलिट'मध्ये 32, 'प्लेट'मध्ये अवघे सहा. प्लेटच्या अंतिम फेरीतले दोन्ही संघ वर चढत. एलिटमधले तळाचे दोन खाली येत.

● 2022-23 : प्लेटच्या अंतिम सामन्यात बिहारने मणिपूरला हरवले. बढती दोघांनाही.

● जानेवारी 2024 : सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. महाराष्ट्र डावाने विजयी. कसोटीपटू पॉली उम्रीगर यांच्या जन्मगावी बऱ्याच वर्षांनी रणजी सामना झाला, ही सोलापूरकरांसाठी मोठीच गोष्ट.

● मोसमाअखेर : मणिपूर आणि गोवा खाली, हैदराबाद, मेघालय वर.

● 2024-25 : नागालँडला हरवून गोवा प्लेट विजेता.