आधी बॉटम दाखवा

शेजारच्या काकांची वॅगन आर २००९ ची. २०२४ मध्ये तिच्या नोंदणीची १५ वर्षं भरत आली आणि त्यांच्या घरात रोजचा वाद सुरू झाला. मुलगा म्हणे काढा, काकू म्हणत चालतेय ना अजून. शेवटी काकांनी वालीवच्या मिस्त्रीला फोन लावला. गाडी मिसिंग मारते, गरम होते, पिकअप राहिलेला नाही, सगळं सांगून झालं. पलीकडून उत्तर आलं, “इंजिनाचं नंतर बघू काका. आधी बॉटम दाखवा.”

फोन स्पीकरवर होता. ज्याचं पोट इंजिन खोलण्यावर चालतं, तो इंजिन सोडून गाडीचं पोट बघायला मागतो, हे मला चमत्कारिक वाटलं. म्हणून काकांबरोबर मीही निघाले.

गोखिवऱ्याकडून वसई फाट्याकडे जाताना वालीवचा पट्टा लागतो. प्लास्टिक मोल्डिंगचे, पत्रा कापायचे, पॅकिंगचे गाळे. गाळ्यांना माल लागतो म्हणून टेम्पो, टेम्पो मोडतात म्हणून गॅरेजं, आणि गॅरेजमधून जे निघतं त्याच्यासाठी भंगाराची गोडाऊनं. गाडीचा जन्म सोडला तर बाकी सगळं इथं एका हाकेच्या अंतरावर होतं. मिस्त्रीचा गाळा दोन गाड्यांचा. मधोमध खड्डा, त्यावर एक टेम्पो उभा. खड्डा रिकामा होईपर्यंत बॉटम बघता येणार नव्हतं, म्हणून नाइलाजानं इंजिनापासून सुरुवात झाली.

काकांनी आल्या आल्या विचारलं, “१५ वर्षं झाली म्हणजे आता स्क्रॅपच करावी लागणार ना?” मिस्त्री हसला. “ती दिल्लीची भानगड. टीव्हीवर दिल्लीचं दाखवतात आणि वसईतली माणसं गाड्या विकतात.” त्याचं म्हणणं खरं आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी झाली ती राजधानी परिसरात. आधी हरित लवादाच्या आदेशानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरल्यावर. आपल्याकडे खासगी गाडी आरटीओत दाखवून, एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं ५ हजारांचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षं वाढवता येते. टॅक्सीची गोष्ट वेगळी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्या हिशेबानं शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली आणि शहरानं भरपूर हळहळ व्यक्त केली. तिचा पत्रा कसा होता, हे मात्र कुणी विचारल्याचं आठवत नाही. नियमाला वय कळतं.

हेल्पर पोरानं चारही प्लग काढले. प्लगच्या जागी गेज लावून मिस्त्री एकेक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेत होता. तीन सिलिंडर १६० च्या आसपास, एक ११० वर अडकलेला. त्यानं त्या एकात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. काटा तिथंच. काकांचा चेहरा पडला, मिस्त्रीचा खुलला. ऑइल टाकल्यावर काटा चढला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं, म्हणजे इंजिन पूर्ण खोलणं आलं. चढला नाही म्हणजे दोष वर, व्हॉल्वमध्ये. “सीएनजी कोरडा जळतो ताई. व्हॉल्वची सीट खातो. हेड उतरवू, ग्राइंडिंग करू, विषय संपला.” तेवढ्यात रेडिएटरपाशी कूलंटचा गोडसर वास आला, तोही कुठून येतोय ते सापडलं. हेडचं काम, रेडिएटर, क्लच, पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि दोन टायर धरून त्यानं खडूनं भिंतीवर आकडा लिहिला: ४२ हजार.

काका म्हणाले, “अरे, बाजारात गाडी साठ हजाराला जाईल की नाही शंका. तिच्यात ४२ हजार घालू?”

“गाडीची किंमत कशाला बघता? नव्या गाडीचा हप्ता बघा. लहानात लहान गाडी घेतलीत तरी नऊ-दहा हजार महिन्याला. ४२ हजार म्हणजे चार-साडेचार हप्ते. ही अजून दोन वर्षं चालली तर महिन्याला पडले साडेसतराशे.”

हे गणित मला आजही पटतं. आपण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघतो आणि घाबरतो. पण गाडी विकायचीच नसेल तर त्या किमतीशी देणंघेणं काय? काकांचं रनिंग महिन्याला तीनशे किलोमीटरच्या पुढे जात नाही. अर्नाळा, विरार, फार तर वाड्याचं गाव. अशा माणसानं पाच वर्षांचं कर्ज काढणं म्हणजे उभ्या गाडीचं भाडं भरणं. ४२ हजार हा आकडा आता मोठा वाटेनासा झाला. काका मोबाइलवर मुलाला सांगूही लागले, “इंजिन चांगलं आहे म्हणतोय.”

मग टेम्पो हलला आणि गाडी खड्ड्यावर आली.

मिस्त्री खाली उतरला, हातात बॅटरी आणि एक जुना, बोथट पेचकस. पेचकसाच्या मुठीनं तो पत्रा वाजवत पुढून मागे सरकत होता. ठण्. ठण्. ठण्. मी वाकून बघत होते. ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज थोडा दबला; तिथं गंज होता, पण “हा फ्लोअर आहे, इथं पत्रा मारता येतो” म्हणून तो पुढे गेला. डाव्या मागच्या चाकाजवळ मात्र मूठ भद् करून वाजली. त्यानं पेचकस उलटा धरला आणि टोक टेकवलं. जोर लावलाच नाही. ओल्या बिस्किटात जावं तसं ते आत गेलं आणि तांबडा भुगा त्याच्या मनगटावर सांडला.

ती जागा कुठली, हे त्यानं आम्हाला बोट लावून दाखवलं. मागच्या ॲक्सलचा आर्म जिथं बोल्टनं बॉडीला धरलेला असतो, नेमकी ती. बोलेरोला, सुमोला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी बसवलेली. वॅगन आरसारख्या गाडीला तसं काही नसतं. दुमडलेल्या पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डिंगनं एकमेकांना जोडलेले, तीच बॉडी आणि तीच चासी. हे भाग आतून पोकळ. पाणी शिरलं की आतून कुजतात आणि बाहेरचा काळा कोट शाबूत राहतो. वसईला खाडी आणि समुद्राची खारी हवा आहेच, शिवाय २०१८ च्या जुलैत वसई-विरार बुडालं, तेव्हा काकांची गाडी सोसायटीत दारापर्यंत पाण्यात उभी होती. नंतर वायरिंग बदललं, सीटा वाळवल्या. पोकळ भागांतलं पाणी कोण बघणार!

“हेड करू का मग आधी?” काकांनी विचारलं.

“काही करू नका.” मिस्त्री वर आला, हात पुसले. “इथं पत्रा लावता येतो काका. मी लावणार नाही. हायवेवर ऐंशीच्या स्पीडला हा आर्म सुटला तर?”

भिंतीवर ४२ हजार तसेच होते. त्यातला एक रुपयाही त्याला मिळणार नव्हता.

काका हट्टी. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या गॅरेजात विचारून आले. तिथं सात हजारांत होत होतं: वरून पत्रा, त्यावर लांबी, वरून काळा अंडरकोट, कुणाला कळणारही नाही. कुणाला कळणारही नाही, हे त्यानं गुण म्हणून सांगितलं. त्याच दुपारी एक गिऱ्हाईकही उभं राहिलं, जव्हारकडे न्यायला, रोख ४५ हजार. त्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकला, खाली वाकला नाही. काका गप्प होते. ४५ हजार हातात येत होते आणि उद्या त्या गाडीत घाटातून कुणाची तरी पोरंबाळं बसणार होती. “बॉटम गेलंय हिचं,” ते शेवटी म्हणाले. गिऱ्हाईक निघून गेलं. मिस्त्रीनं काकांसाठी चहा मागवला.

मग उरलं भंगार. शेजारच्या गोडाऊनवाल्यानं २४ रुपये किलो सांगितले. गाडी आठशे किलोच्या आसपास, म्हणजे साधारण १९ हजार, लगेच, आणि वर “कागद राहू द्या तुमच्याकडेच”. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राचा आकडा फार वर नव्हता. २०२१ च्या धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगार मूल्य मिळावं असं म्हटलंय, काकांना तेवढं काही मिळालं नाही. पण केंद्र ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी वेगळी काढतं, चासी नंबर नोंदवतं आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं. नवी गाडी घेताना ते दाखवलं तर नोंदणी शुल्क माफ होतं, करातही सवलत मिळते. काका नवी गाडी घेणार नाहीत, रिक्षानं फिरणार आहेत. तरीही त्यांनी केंद्रच निवडलं, आणि त्या गोडाऊनवाल्याचं “कागद राहू द्या” ऐकल्यावर मलाही दुसरा रस्ता दिसला नाही.

तुमची गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर आरटीओच्या आणि इंजिनच्या आधी ती एखाद्या खड्ड्यावर न्या आणि खालून वाजवून घ्या. आणि भंगारात द्यायची ठरलीच, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्या. ती रद्द होईपर्यंत त्या गाडीचे, किंवा तिचा चासी नंबर ठोकून फिरणाऱ्या दुसऱ्याच गाडीचे, कागदोपत्री मालक तुम्हीच असता.