२०५ जीटीआय आणि घरातल्या सोयरिकीचं इंजिन

प्यूजो २०५ जीटीआय १९८४ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. दोन वर्षांत त्याचे ११५ झाले, आणि १९८६च्या अखेरीस १.९ लिटरची १३० हॉर्सपॉवरची आवृत्ती आली. नव्वदच्या दशकात तिचं उत्पादन थांबेपर्यंत कारखान्याने तिला यापेक्षा मोठं काही दिलं नाही. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला तेव्हा १.९ लिटरच्या गाडीची ताकद १२२ वर उतरली. तरीही आज ब्रिटनमध्ये एखाद्या जुन्या २०५ जीटीआयचं बॉनेट उघडल्यावर आत १६० हॉर्सपॉवरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन दिसलं, तर जाणकाराला नवल वाटत नाही. असं इंजिन बदलणं म्हणजे गाडीशी केलेली प्रतारणा, असं मूळ रूपाचे आग्रही लोक म्हणतात. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांचा हिशेब मांडला, तर निदान या एका बदलापुरतं मला ते पटत नाही. कारखान्याच्या अभियंत्यांनी जे शक्य करून ठेवलं होतं आणि विक्रीच्या गणितात जे राहून गेलं, ते गॅरेजवाल्यांनी पूर्ण केलं, इतकंच.

यातला मुख्य पुरावा इंजिनाच्या घराण्यात आहे. ते सोळा व्हॉल्व्हचं इंजिन १९८७ साली आलेल्या ४०५ एमआय-१६ या सेदान गाडीतलं; १९०५ सीसीचं, अॅल्युमिनियम ब्लॉकचं, दोन कॅमशाफ्टचं होतं. २०५ जीटीआयचं १.९ लिटरचं इंजिनही १९०५ सीसीचं आणि अॅल्युमिनियम ब्लॉकचंच. दोन्ही एक्सयू या एकाच मालिकेतली; फरक मुख्यतः सिलिंडर हेडचा आणि इंधनाचा पुरवठा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा. त्यामुळे हे इंजिन २०५च्या माउंटिंगवर बसतं, तिच्याच गिअरबॉक्सला जोडता येतं, आणि नाकावरचं वजनही फारसं वाढत नाही. सोयरीक घरातच झाली म्हणायची. आणि ही काही गॅरेजवाल्यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. २०५ची थोरली बहीण म्हणजे ३०९. तिच्यात हेच इंजिन बसवून प्यूजोने स्वतः ३०९ जीटीआय-१६ नावाची गाडी युरोपातल्या काही देशांत विकली. ही ३०९ महाराष्ट्रालाही परकी नाही: नव्वदच्या दशकाच्या मध्यात प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात ती जुळत होती, अर्थात साध्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांसह. तिचे दरवाजे २०५चेच होते, हे तेव्हा ती चालवणाऱ्या कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. मुद्दा असा की ज्या कंपनीने ३०९मध्ये ते इंजिन बसवलं, तिला २०५मध्ये बसवायला तांत्रिक अडचण होती असं मानायला जागा उरत नाही.

मग तिने ते का बसवलं नाही? कागदोपत्री उत्तर माझ्यापुढे नाही, पण परिस्थिती बोलकी आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये अशा चपळ छोट्या गाड्यांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या आणि विम्याचे हप्ते असे भडकले, की तरुण गिऱ्हाइकाला गाडीपेक्षा विमा जड जाऊ लागला. युरोपभर प्रदूषणाचे नियमही आवळत चालले होते. अशा वेळी आपल्याच मोठ्या आणि महाग सेदानच्या तोडीची ताकद छोट्या गाडीत घालणं कुठल्या विक्रीप्रमुखाला शहाणपणाचं वाटलं असतं? म्हणजे २०५चं इंजिन त्या काळाच्या तडजोडीतून ठरलं. तिची चॅसी मात्र तशा तडजोडीतून निघालेली नाही. जेमतेम ८८० किलो वजन, सुरुवातीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंगची मदत नाही, मागे टॉर्शन बारचं सस्पेन्शन. गाडीचा लौकिक या तीन गोष्टींवर उभा आहे, आणि इंजिन बदलताना या तिघांना हात लावावा लागत नाही.

आकडे बघावेत. मूळ १.९ लिटरच्या गाडीत टनामागे सुमारे १४८ हॉर्सपॉवर पडतात. एमआय-१६चं इंजिन बसवून गाडी ९०० किलोची झाली असं धरलं, तर हाच आकडा १७८च्या आसपास जातो. २०१३ साली प्यूजोने २०८ जीटीआय आणली ती २०० हॉर्सपॉवरची, पण वजन ११६० किलो. म्हणजे टनामागे १७२. पाव शतकानंतर टर्बो लावून कारखाना जिथे पोचला, तिथे १९८७चं इंजिन १९८६च्या गाडीला आधीच नेऊन ठेवत होतं. नव्या गाडीचं वजन सुरक्षिततेमुळे वाढलं हे खरं, आणि अपघात झालाच तर मीही २०८मध्येच असणं पसंत करीन. पण चालवण्याच्या अनुभवाची तुलना करायची, तर ती या आकड्यांवरच होणार.

आता आक्षेपांकडे. पहिला सुरक्षिततेचा: १३० हॉर्सपॉवरसाठी बेतलेल्या गाडीत १६० घातले तर ती आवरेल का? ब्रेकच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे आणि इंजिन बदलणारे जाणते लोक तो मानतात. ३०६ जीटीआय-६चे मोठे पुढचे ब्रेक २०५ला बसवायची पद्धत याच गरजेतून आली. मागच्या चाकांबाबत मात्र थोडी गफलत होते. वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की २०५ची शेपूट बाहेर येते, ही तिची कुप्रसिद्ध खोड. ती खोड वजन एकदम पुढे सरकल्यामुळे दिसते, ताकदीमुळे नव्हे. ताकद वाढल्याने बदलतं ते इतकंच की त्याच वळणाशी गाडी अधिक वेगाने पोचते. धोका वाढतो तो चालवणाऱ्याच्या घाईमुळे. म्हणूनच काहीजण ३०९ जीटीआयचा रुंद मागचा अॅक्सल बसवतात, त्याने गाडी थोडी शांत होते. खरा यांत्रिक धोका वेगळाच आहे आणि त्याची चर्चा कमी होते: लांब वळणावर एमआय-१६च्या चेंबरमधलं ऑईल एका बाजूला सरकतं, पंपाला हवा लागते, आणि बेअरिंग जातात. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवल्याशिवाय हे इंजिन जोरात चालवू नये. जो मेकॅनिक हे सांगत नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आठ व्हॉल्व्हचं जुनं इंजिन खालच्या आरपीएमपासूनच ओढतं. गावातल्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, त्याची मजा वेगळी. एमआय-१६ची पूर्ण ताकद ६५०० आरपीएमला मिळते, त्यामुळे ते सतत फिरवत ठेवावं लागतं. १.९ लिटरच्या गाडीचे लांब गिअर त्याला जुळत नाहीत, म्हणून पुष्कळजण १.६ लिटरच्या गाडीचा आखूड गिअरबॉक्स शोधतात. तो मिळाला की इंजिन खुलतं, पण हायवेवर आवाज वाढतो आणि गाडी दमवते. १.६चीच गाडी सगळ्यांत गोड, असं म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. माझं म्हणणं फक्त एवढं की हा आवडीचा वाद आहे. त्याला शुद्धतेच्या वादाचा मुखवटा घालू नये.

घराण्याबाहेरच्या इंजिनांना हा बचाव लागू पडत नाही. नव्वदच्या उत्तरार्धातल्या ३०६ जीटीआय-६चं १६७ हॉर्सपॉवरचं इंजिन एक्सयू मालिकेतलंच, त्यामुळे नात्यात बसतं; पण ब्लॉक लोखंडी असल्याने ते मजबूत असलं तरी नाक जड होतं. त्यापलीकडे जपानी इंजिन असो किंवा विजेची मोटर आणि बॅटऱ्यांचा ढीग, जिथे चॅसी कापावी लागते किंवा ८८० किलोंचा हिशेबच मोडतो, तिथे २०५ राखण्याचं कारणच संपतं.

आणि आता या सोयरिकीचीही मुदत भरत आली आहे. ज्या काळात २०५ जीटीआय कवडीमोलाने मिळत होत्या, त्या काळात भंगारात निघालेल्या ४०५मधून इंजिन काढणं सरळ व्यवहार होता. आता धडधाकट ४०५ एमआय-१६ स्वतःच दुर्मीळ झाली आहे, आणि एक चांगली सेदान मोडून एक हॅचबॅक वाढवायची, हे गणित मला मान्य नाही. तसंच मूळ इंजिनासह टिकलेल्या २०५ना यापुढे हात लावू नये, हे आग्रही मंडळींचं म्हणणंही रास्त आहे. त्यांच्याशी माझा वाद उरतो तो जुन्या बदललेल्या गाड्यांपुरता. भाव चढल्यापासून अशा गाड्यांमधून सोळा व्हॉल्व्हचं इंजिन काढून, कुठून तरी आठ व्हॉल्व्हचं आणून, ‘मूळ’ म्हणून विकण्याची चाल दिसते. पण त्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनावरचा क्रमांकही त्या गाडीचा नसतो. वीस-पंचवीस वर्षं एका इंजिनाने चाललेली गाडी दुसऱ्याच इंजिनाने मूळ कशी होते, हे त्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी एकदा सांगावं.